मदत हवी आहे: बास्केटबॉलची थ्री पॉइंट लाइन चुकीची आखली असेल तर शूटिंग बिघडतं का?

कॅप्टन_नंबर_७
नमस्कार, उत्तर लवकर हवंय, झोनल स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे. आमच्या कॉलेजच्या ग्राउंडला सुट्टीत नवीन रंग मारला आणि सगळ्या लाइन परत आखल्या, तेव्हापासून टीमचं विचित्र चाललंय. आमच्याकडे थ्री पॉइंटर (त्या लाइनच्या मागून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) मस्त पडतात, बाहेर फ्रेंडली खेळायला गेलो की टॉपवरून (रिंगच्या बरोबर समोरून) मारलेला बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत येतो, नाहीतर सरळ एअर बॉल, कशालाच लागत नाही. मला खात्री आहे लाइन जवळ आखलीये. सरांना सांगितलं तर म्हणतात कॉन्ट्रॅक्टरने मापं घेऊनच केलंय, तुम्ही प्रॅक्टिस वाढवा. एवढ्याशा फरकाने शूटिंग बिघडतं का आणि सरांना पटवायचं कसं? ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा प्लीज.

मोजपट्टी
एवढासा म्हणजे किती? टेप लावून मोजलंय की नजरेने? मुलांची टीम की मुलींची? दोन्ही बाजूंची लाइन जवळ आहे की एकीकडचीच? यातलं काहीच लिहिलं नाहीये.

जुना_सेंटर
रेषेचं खूळ डोक्यातून काढा आधी. बॉल पुढच्या कडेला लागतो म्हणजे पाय दमलेत, दुसरं काही नाही. आमच्या वेळी मातीचं ग्राउंड, मॅचच्या दिवशी सकाळी फक्की मारून आखायचे, प्रत्येक गावात लाइन वेगळी, तरी खेळलो आणि जिंकलो. रोज पायऱ्या चढा, दोरीवरच्या उड्या मारा, आणि शूटिंग दमल्यावर करा, ताजेतवाने असताना नाही. पंधरा दिवसांत फरक दिसेल.

कॅप्टन_नंबर_७
काका पंधरा दिवस नाहीयेत माझ्याकडे. आणि पाय दमले असते तर घरच्या ग्राउंडवर पण बॉल कमी पडला असता ना.
@मोजपट्टी मुलींची टीम, सहा नंबरचा बॉल. मोजलं मी, रिंगच्या खालून साडेसहाच्या आतच येते लाइन.

मोजपट्टी
रिंगच्या खालून म्हणजे नेमकं कुठून? पोलपासून, बोर्डपासून, की रिंगच्या मध्यापासून ओळंबा सोडून? यातच सगळं आहे. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात ६.७५ मीटर हे रिंगच्या मध्याच्या बरोबर खाली जमिनीवर जो बिंदू येतो तिथून लाइनच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजतात. कॉर्नरला (लाइनच्या दोन्ही टोकांना) मात्र सरळ रेषा असते, साइडलाइनपासून ९० सेंटीमीटर आत, म्हणून तिथे अंतर ६.६० भरतं. पोलच्या बुडापासून मोजलं असेल तर त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

ट्रॅपेझॉइडवाला
जुनी लाइन तर नाही ना आखली? २०१० पर्यंत फिबाची लाइन ६.२५ होती आणि रिंगसमोरचा थ्री सेकंद एरिया खाली रुंद होत जाणारा असायचा, नंतर तो आयताकृती झाला आणि लाइन अर्धा मीटर मागे गेली. कित्येक कॉलेजांच्या सिमेंट कोर्टवर जुन्या लाइन रंगाखालून अजून दिसतात आणि रंगारी सरळ त्याच्यावरूनच ब्रश फिरवतो. तो जुना एरिया मला आवडायचा खरं तर, पोस्टवरच्या (रिंगजवळ खेळणाऱ्या) खेळाडूला फार हुशारीने जागा घ्यावी लागायची.

जुना_सेंटर
अगदी बरोबर! त्या एरियात खेळायला डोकं लागायचं. आता सगळे बाहेर उभे राहून लांबूनच मारतात.

कॅप्टन_नंबर_७
मूळ प्रश्न राहिला बाजूला. एरिया आयताकृतीच आहे आमचा, जुन्या लाइन खरवडून काढल्यात.

बीव्हर्टनकर
मी ओरेगॉनमध्ये राहते, तुझा प्रश्न वाचून लगेच आमच्याकडचं आठवलं. मार्च २०२४ मध्ये पोर्टलँडच्या मोडा सेंटरमध्ये एनसीएएच्या महिला स्पर्धेचे सामने होते, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलमधली इथली सगळ्यात मोठी स्पर्धा. तिथे एका टोकाची थ्री पॉइंट लाइन टॉपला जवळजवळ ९ इंच जवळ होती, म्हणजे सुमारे २३ सेंटीमीटर. त्या कोर्टवर आधीचे सामने होऊन गेले तरी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ३१ मार्चला टेक्सास आणि एनसी स्टेट यांची मॅच सुरू व्हायच्या थोडं आधी ते कळलं, दोन्ही कोचना सांगितलं, लाइन दुरुस्त करायची तर मॅचला उशीर झाला असता म्हणून दोघांनी तशाच कोर्टवर खेळायचं ठरवलं. एनसी स्टेट ७६-६६ ने जिंकली, त्यांच्या अझायाह जेम्सने ७ थ्री मारले. दुसऱ्या दिवशी यूकॉन आणि यूएससीच्या मॅचच्या आधी लाइन नीट केली. आधीचे निकाल तसेच ठेवले. त्यामुळे सर म्हणत असतील की माणसं मोजूनच करतात तर त्यांना हे दाखव, एवढ्या मोठ्या स्पर्धेत, टीव्हीवर मॅच चालू असताना होऊ शकतं तर कॉलेजच्या ग्राउंडवर का नाही होणार.

जुना_सेंटर
बघा, ताईंनीच माझं म्हणणं सिद्ध केलं. देशातल्या सगळ्यात चांगल्या मुली त्या लाइनवर खेळल्या आणि कोणाला पत्ताही लागला नाही. मग ९ इंचाने काय फरक पडला?

मोजपट्टी
काका, मॅच आणि प्रॅक्टिस यात फरक आहे. मॅचमध्ये हाफ टाइमनंतर बाजू बदलतात, त्यामुळे जवळची लाइन दोन्ही टीमला सारखीच मिळते आणि अन्याय बऱ्यापैकी फिटतो. पण ही मुलगी महिनोन् महिने त्याच चुकीच्या लाइनवर हात बसवतेय. शूटर नजरेने अंतर मोजत नाही, पाय लाइनच्या मागे लागले की हात आपोआप तेवढाच जोर काढतो. बाहेर गेली की पाय बरोबर लाइनच्या मागे आणि जोर मात्र घरचा.

फिजिक्सवाले_सर
थोडं गणित करतो. हात सोडताना बॉल सुमारे २.१ मीटर उंचीवर धरा, रिंग ३.०५ वर. ६.७५ मीटरवरून मारायला कमीत कमी वेग लागतो सेकंदाला साधारण ८.७ मीटर, ६.५० वरून ८.६. म्हणजे फरक दीड-दोन टक्के, हाताला जाणवणारही नाही इतका. पण त्या वेगाने लांबून मारलेला बॉल जवळपास २५ सेंटीमीटर कमी पडतो, आणि रिंगचा व्यास ४५, म्हणजे मध्यापासून पुढची कड २२.५ वर. बॉल नेमका पुढच्या कडेवर आदळणार. तिने पहिल्या पोस्टमध्ये जे लक्षण लिहिलंय ते हेच. पाय दमले तर बॉल कधी कमी, कधी वाकडा जातो, इथे प्रत्येक वेळी सारखाच कमी जातोय.

आकडेप्रेमी
याचा मोठा पुरावा एनबीएमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आहे. १९९४-९५ ला त्यांनी लाइन सगळीकडे २२ फुटांवर आणली, आधी टॉपला २३ फूट ९ इंच होती. लीगची थ्री पॉइंटची टक्केवारी ३३.३ वरून एकदम ३५.९ झाली. १९९७-९८ ला लाइन परत मागे नेली तर ३६.० वरून ३४.६ वर आली. तेच खेळाडू, तीच रिंग.

जुना_सेंटर
एनबीएच्या गोष्टी इथे कशाला? त्यांना दिवसभर दुसरं काम नसतं.

आकडेप्रेमी
काका, म्हणून तर. दिवसभर तेच करणाऱ्यांची टक्केवारी जर पावणेदोन फुटांनी हलते तर लेक्चर करून संध्याकाळी दीड तास खेळणाऱ्या मुलींची हलणारच. आणि कॉर्नरला तिथे आधीपासून २२ फूटच होती, म्हणजे सगळा फरक टॉप आणि विंगचा (टॉप आणि कॉर्नरच्या मधली जागा). उलट लाइन जवळ आल्यावर जे एरवी मारत नव्हते तेही मारायला लागले आणि तरी टक्केवारी वाढली.

कोर्टबांधणी
सिमेंट कोर्ट असेल तर एकदा अ‍ॅक्रिलिक करून घ्या, गुडघ्यांना फार फरक पडतो. आठ लेयरचं चांगलं. मुलींच्या टीमने तर सिमेंटवर खेळूच नये असं माझं मत आहे.

कॅप्टन_नंबर_७
दादा तो कॉलेजचा निर्णय आहे, माझा नाही. मला लाइन बरोबर आहे का एवढंच सरांना दाखवायचंय.

मोजपट्टी
एक सांग, कॉर्नरवरून मारणाऱ्या मुलींचंही बाहेर बिघडतं का?

कॅप्टन_नंबर_७
नाही. आमची कॉर्नरवाली कुठेही गेली तरी तेवढेच मारते. मी टॉपला आणि दोघी विंगला, आम्हा तिघींचंच बिघडतं. म्हणून तर सर म्हणतात तुमचंच काहीतरी चुकतंय.

मोजपट्टी
मग मला कळलं काय झालंय ते. आखणाऱ्याने दोरीचं टोक रिंगच्या मध्याखाली न धरता बोर्डच्या खाली धरलंय. बोर्ड बेसलाइनच्या (रिंगमागच्या शेवटच्या रेषेच्या) १.२० मीटर आत असतो आणि रिंगचा मध्य १.५७५ वर, मधलं अंतर साडेसदतीस सेंटीमीटर. दोरी ६.७५ ची बरोबर घेतली तरी केंद्रच मागे सरकल्यामुळे टॉपची लाइन रिंगपासून ६.३७ वर येते, विंगला ४५ अंशात ६.४८ च्या आसपास, आणि कॉर्नरची सरळ रेषा साइडलाइनवरून मोजलेली असल्यामुळे ती बरोबरच राहते. तुझ्या टीममध्ये कोणाचं बिघडलं आणि कोणाचं नाही ते याला तंतोतंत जुळतंय.

तपासायला ओळंबाही नको. बेसलाइनच्या आतल्या कडेपासून सरळ टॉपच्या लाइनच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप धर. ८.३२ ते ८.३३ आलं तर लाइन बरोबर, ७.९५ च्या जवळ आलं तर मी म्हणतोय तेच झालंय. शिवाय कॉर्नरची सरळ रेषा जिथे वळायला लागते ती जागा बेसलाइनपासून २.९९ वर हवी, तुमच्याकडे २.६० च्या आसपास असेल. टेप स्टीलचा घे, कापडी ताणला जातो.

ट्रॅपेझॉइडवाला
पण बोर्डच वाकलेला असेल तर? आपल्याकडचे पोल वर्षानुवर्षं मुलं लटकून पुढे झुकलेले असतात, मग रिंगच बेसलाइनपासून १.५७५ वर नसते आणि जमिनीवरची सगळी मापं बरोबर असूनही शॉट जवळचा होतो. ओळंबा सोडायलाच हवा. नट बांधलेली सुतळी रिंगच्या मध्यातून सोडली तरी चालेल.

मोजपट्टी
हे मान्य. दोन्ही माप घे.

फिजिक्सवाले_सर
मोजताना सरांना सोबत घेऊन जा आणि टेपचं एक टोक त्यांच्याच हातात दे.

थ्रीबायथ्री
तुम्ही थ्री बाय थ्री का खेळत नाही? अर्धंच कोर्ट लागतं, चार मुली पुरतात, एकाच बाजूची लाइन नीट केली की झालं.

कॅप्टन_नंबर_७
झोनल फुल कोर्टचीच आहे हो.

मोजलं आज. सर आले होते. ओळंबा सोडला तर रिंग जागेवर आहे, बेसलाइनपासून १.५७ च भरलं. पण आम्ही ज्या बाजूला प्रॅक्टिस करतो तिथे टॉपची लाइन ७.९४ ला आहे!! दुसऱ्या बाजूला ८.३२, तिकडे क्रिकेटवाल्यांची नेट लावलेली असते म्हणून आम्ही कधी जातच नाही. सर बराच वेळ टेप बघत उभे होते, मग म्हणाले कॉन्ट्रॅक्टरला बोलावतो, पण तो लगेच येणार नाही. आता आठवड्यात काय करू?

जुना_सेंटर
मोजलंस ते फार चांगलं केलंस पोरी, माप समोर आल्यावर बोलायला जागाच उरत नाही. आता क्रिकेटवाल्यांना सरांकडून सांगून आठवडाभर नेट काढायला लाव आणि तिकडेच खेळा.

मोजपट्टी
ते नाही जमलं तर तात्पुरती लाइन करा. रिंगच्या मध्याखाली खडूने खूण कर, तिथे एकीने खिळा नाहीतर बोट दाबून धरायचं, साधी बाइंडिंग वायर ६.७५ ची कापायची, सुतळी नको, ती ताणली जाते. वायरच्या टोकाने खडूची कमान काढायची आणि तिच्या आतल्या अंगाने ५ सेंटीमीटरची पांढरी चिकटपट्टी लावायची, कारण अंतर बाहेरच्या कडेपर्यंत धरतात. जुनी लाइन टॉपला आणि विंगला खडूने खोडून टाक, नाहीतर पाय सवयीने तिथेच जातील.

बीव्हर्टनकर
आणि हाताने जास्त ढकलायला जाऊ नकोस, शॉट वाकडा होतो. रिंगजवळून सुरू करून एकेक पाऊल मागे ये, जोर गुडघ्यातूनच वाढू दे. फ्री थ्रो लाइन पण मोजून घे, तिची बाहेरची कड बेसलाइनपासून ५.८० वर हवी, त्याच माणसाने आखलीये ना ती?

कॅप्टन_नंबर_७
फ्री थ्रो मोजलीच नाही! उद्या सकाळी मोजते. बाइंडिंग वायर हार्डवेअरच्या दुकानात मिळते ना?

ट्रॅपेझॉइडवाला
मिळते. आणि झोनलच्या ग्राउंडवर वॉर्मअपच्या आधी टेप घेऊन एक चक्कर मार. कोर्ट आणि साहित्य तपासणं पंचांचं काम आहे, लाइन चुकलेली दिसली तर मॅच सुरू व्हायच्या आधी सरांमार्फत त्यांच्या कानावर घाल, नंतर कोणी ऐकत नाही.

कोर्टबांधणी
फ्री थ्रोचं माप इथे टाक. तीही चुकली असेल तर कॉन्ट्रॅक्टरकडून पूर्ण आखणी फुकट करून घेता येईल, बिल दिलंय का त्याचं अजून?