रक्ततपासणी सामान्य, तरी अपेंडिक्स न्यूट्रोफिलांनी भरलेले कसे? (मदत हवी आहे)

म्हापसेकर:
चवथीच्या तोंडावर धाकट्या भावाचे अपेंडिक्स काढावे लागले. स्नायूच्या थरापर्यंत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पसरले आहेत, असे बायोप्सीच्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (दाह झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) मात्र सामान्य होते. यांपैकी एक तपासणी चुकली, असे घरचे म्हणतात. उद्या डॉक्टरांना भेटायचे आहे, कृपया लवकर सांगावे.

फोंडा_वाचक:
दुखू लागल्यावर किती वेळाने रक्त घेतले, हे समजल्याशिवाय काय सांगणार?

केपे_४०:
शस्त्रक्रियेची घाईच का केली? माझा मेहुणा निव्वळ अँटिबायोटिक्सवर बरा झाला. फिनलंडच्या अभ्यासातही बहुतेकांना वर्षभर शस्त्रक्रिया लागली नाही.

डिचोली_पॅथ:
त्याच अभ्यासात पाच वर्षांत सुमारे ३९ टक्के रुग्णांना आजार उलटला, हेही सांगायला हवे. शिवाय धागाकर्त्यांनी ते विचारलेले नाही.

म्हापसेकर:
पहाटे दुखू लागले, सकाळी रक्त घेतले. दुसऱ्या दिवशी सीआरपी बराच वाढला होता.

डिचोली_पॅथ:
मग दोन्ही अहवाल बरोबर असू शकतात. पोकळी कोंडली की आत दाब वाढतो, अस्तराला इजा होते आणि जंतू भिंतीत शिरतात. तेथील मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-८ ही संदेश देणारी प्रथिने सोडतात. पहिल्या दोहोंमुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते, तर इंटरल्युकिन-८ च्या ओढीने न्यूट्रोफिल रक्तातून ऊतीत उतरतात. अस्थिमज्जेतून नव्या पेशी येऊन रक्तातील आकडा वाढायला काही तास लागतात. सीआरपी तर इंटरल्युकिन-६ चा संदेश मिळाल्यावर यकृत तयार करते, म्हणून तो आणखी उशिरा चढतो. पहिल्या काही तासांतील सामान्य रक्ततपासणीवरून अपेंडिसायटिस नाही असे ठरवता येत नाही. पोट हाताने तपासण्याचे महत्त्व म्हणूनच टिकून आहे.

सांगे_निरीक्षक:
माझ्या मते मूळ ॲलर्जीत आहे. स्नायूच्या थरात इओसिनोफिलही (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सापडतात.

डिचोली_पॅथ:
सापडतात, आणि तो विचार अभ्यासकांनी मांडलेलाही आहे. पण ॲलर्जी हेच कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही.

म्हापसेकर:
‘लिम्फॉइड हायपरप्लेसिया’ असेही लिहिले आहे. कर्करोगाची भीती आहे का?

डिचोली_पॅथ:
त्या शब्दांचा अर्थ कर्करोग नव्हे. अपेंडिक्सच्या भिंतीत प्रतिकारपेशींच्या गाठी मुळातच असतात. तरुण वयात त्या फुगलेल्या दिसतात आणि कधी पोकळीही अडवतात. भावाचे वय किती?