दुसऱ्याच्या दुःखाला 'त्याचं कर्म' म्हणायचा हक्क कुणाला? थिऑसॉफी वाचून पडलेला प्रश्न

बोरीकाठ (अमळनेर)

मंडळी, जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या. वडील गेले त्यानंतर दोन वर्षं त्यांची पत्र्याची पेटी मी उघडलीच नव्हती. तरुणपणी ते आमच्या इथल्या तत्त्वज्ञान मंदिरात जाऊन बसायचे, प्रताप शेठजींनी १९१६ साली काढलं ते. बहुतेक तिथूनच त्यांना वाचायचा नाद लागला. पेटीत थिऑसॉफीची सात-आठ पुस्तकं निघाली आणि या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती म्हणून वाचत बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थिऑसॉफी म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच सत्य आहे असं मानणारी शिकवण. रशियाच्या मॅडम ब्लाव्हाट्स्की, कर्नल ऑल्कॉट आणि जज्ज नावाचे एक वकील, यांनी १८७५ साली न्यूयॉर्कला थिऑसॉफिकल सोसायटी काढली. १८७९ मध्ये ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट मुंबईला आले, १८८२ च्या शेवटी मद्रासजवळ अड्यारला मुख्य ठाणं हलवलं. ब्रीदवाक्य 'सत्यान्नास्ति परो धर्मः'. त्यांच्या मते माणूस सात तत्त्वांचा. स्थूल शरीर, लिंगशरीर म्हणजे सूक्ष्म देह, प्राण आणि काम म्हणजे वासना, हे खालचे चार नाशवंत. वर मनस, बुद्धी आणि आत्मा. यातलं मनस मधोमध अडकलेलं आहे, त्याचं एक तोंड खाली वासनेकडे आणि एक तोंड वर बुद्धीकडे, आणि जन्मभर जी ओढाताण चालते ती इथेच.

आता हे मला कुठे लागलं ते सांगतो. आमची चोपड्याकडे थोडी कापसाची शेती आहे, सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने राबणारा गडी, ठेवलेला आहे. मागच्या साली ऐन कोळपणीत त्याची बायको जळगावला दवाखान्यात होती, त्याचे अकरा खाडे झाले. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल भरलं तेव्हा हिशोबाला बसलो आणि मी अकराच्या अकरा खाडे कापले. त्या वेळी डोक्यात काय काय आलं म्हणून सांगू, एकाला सोडलं तर उद्या सगळेच सोडा म्हणतील, उचल तर मी आधीच दिलेली आहे, व्यवहार तो व्यवहार, कापसाला भाव कुठे आहे. एकही गोष्ट खोटी नव्हती. पण पुस्तकात वाचलं की खालचं मन मूर्ख नसतं, उलट फार हुशार असतं, वासनेला जे हवंय त्याच्यासाठी ते उत्तम वकिली करतं, तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि अंगणात जाऊन बसलो. ती वकिली मी स्वतःच्या कानाने ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे देऊन आलो. पण मला लिहायचं ते याच्या पुढचं आहे. हेच लोक कर्म आणि पुनर्जन्म मानतात. मग बायकोचं आजारपण हे त्या सालदाराचं कर्म म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो की नाही? माझं मत, नाही. कर्माचा नियम फक्त स्वतःला लावायचा असतो. माझ्यावर आलं तर मी म्हणावं माझं देणं, दुसऱ्यावर आलं तर माझं काम फक्त धावून जाणं. ब्लाव्हाट्स्कीच्या १८८९ च्या एका छोट्या पुस्तकात असंच आहे की दयेचं काम समोर असताना हात आखडून बसणं हे घोर पाप. तुम्हाला काय वाटतं?

पांझराकाठचा मास्तर (धुळे)

पैसे परत दिलेत, मनापासून आनंद वाटला. पण त्यासाठी सात तत्त्वं कशाला लागली हो? माणूस आधी ठरवतो आणि मग कारणं शोधतो, हे मानसशास्त्र शिकणारा कुठलाही पोरगा सांगेल. वर्गात कॉपी करताना पकडलेला मुलगा जी कारणं देतो ती ऐकून मला हे कधीच कळलं, लिंगशरीर मध्ये आणावं लागलं नाही.

आणि ज्यांच्या शब्दावर हे मानायचं त्यांचा इतिहासही लिहा ना. अड्यारला महात्म्यांची, म्हणजे ब्लाव्हाट्स्कीबाईंच्या न दिसणाऱ्या गुरूंची, पत्रं हवेतून पडतात म्हणे, त्याची चौकशी करायला असल्या चमत्कारांचा तपास करणाऱ्या लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीने हॉजसन नावाचा माणूस पाठवला आणि १८८५ च्या अहवालात बाईंना सरळ लबाड ठरवलं. नीती शिकवणाऱ्याने आधी खरं बोलावं ही माझी साधी अपेक्षा आहे, आणि ज्या संस्थेचं ब्रीदच सत्य आहे तिच्याकडून तर जास्तच. शिवाय सातच का? तैत्तिरीय उपनिषदात माणसाचे कोश, म्हणजे थर, पाच आहेत. त्यांच्याच सोसायटीतले सुब्बा राव, स्वतः वेदान्ताचा माणूस, १८८७ च्या सुमाराला जाहीर वाद घालत होते की सात भाग बरोबर नाहीत, चारच धरा. जे मोजता येत नाही त्याचे भाग पाडले की असंच होणार.

बोरीकाठ

सर, हॉजसनचा अहवाल खरा आहे, लपवायचं काही कारण नाही. त्याच संस्थेच्या नियतकालिकात १९८६ साली हस्ताक्षरं तपासणाऱ्या व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसनच्या पद्धतीवर कडक टीका केली, हेही मग शेजारी ठेवा. पण बाई शंभर टक्के खऱ्या होत्या असं मी म्हणत नाही, पत्रांचं मला काही पडलेलं नाही.

सात की पाच की चार यावरही भांडणार नाही. माझा मुद्दा दुसरा आहे. तुमचं मानसशास्त्र सांगतं की मन कारणं शोधतं. बरं. मग ती कारणं शोधताना स्वतःला पाहतं ते कोण? मला अंगणात बसल्यावर लाज वाटली, ती कुणाला वाटली? वकील तर हुशारच होता, तो जिंकला होता की. थिऑसॉफी म्हणते त्याच मनाची दुसरी बाजू तिथे जागी झाली आणि ती जागी ठेवणं यालाच नीतीने राहणं म्हणायचं. भीती, स्वर्ग, नरक, काही नाही त्यात. मला हे पटलं.

पांझराकाठचा मास्तर

लाज वाटायला आईबापांचे संस्कार पुरतात. तुमच्या वडिलांनी तुम्हाला चांगलं वाढवलं एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मुक्ताईची लेक (रावेर)

दादा, मी फार शिकलेली नाही पण मुक्ताईनगरच्या पालखीबरोबर सहा वर्षं पंढरपूरला चालत गेलेय, तापीकाठापासून तिथवर जवळपास महिना लागतो, तेव्हा मनाचं थोडं मलाही कळतं. मन दोन तोंडाचं आहे हे आमच्या संतांनी कितीदा सांगितलं. त्यासाठी रशियाच्या बाईकडे जायचं काय अडलं होतं? आपलंच सोनं बाहेरून मढवून आलं की आपल्याला चकाकतं.

पण सरांचंही मला पटत नाही. नुसतं कळून काय होतं सर? मन कारणं शोधतं हे ज्याला माहीत आहे तो काय खाडे कापत नाही का? कापतोच, आणि कळतंय म्हणून आणखी सफाईने कापतो. वारीत पंधराव्या दिवशी पायाला फोड आलेले असतात आणि शेजारची म्हातारी पाणी मागते, तेव्हा उठायचा कंटाळा येतो. मी कंटाळले आहे हे मला कळतच असतं. उठवतं ते नाव, ती सवय, बाजूचे चार लोक उठतात ते. मन एकट्याने पुस्तक वाचून सुधारत नाही, चांगल्या माणसांत राहून सुधारतं, हा माझा अनुभव. सात भागांच्या यादीत संगतीचा भाग कुठेच दिसला नाही.

सालदाराचा पोरगा (शहादा)

दोन दिवस वाचतोय, लिहू की नको चाललं होतं. लिहितोच.

माझा बाप एकोणीस वर्षं सालदार होता. तीन मालक झाले. दुसऱ्याकडे असताना मळणी यंत्रात उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालक वाईट माणूस नव्हता, रोज पूजा करायचा, दवाखान्यात भेटायलाही आला. तिथे खाटेजवळ उभा राहून म्हणाला, मागच्या जन्माचं देणं असेल रे बाबा, फिटलं समज. आणि आखाजीला अर्ध्या सालाचे पैसे दिले, कारण अर्धं सालच काम झालं. माझी आई ते वाक्य अजून जसंच्या तसं सांगते.

तर भाऊ, तुम्ही म्हणता कर्म फक्त स्वतःला लावायचं. छान आहे. पण हा नियम शेकडो वर्षं कुणी कुणाला लावला? मालकाने सालदाराला. सालदाराने मालकाला कधी ऐकवलं का, की यंदा गुलाबी बोंडअळी पडली ते तुमचं कर्म, माझा पगार त्यातून कापू नका? ज्याच्या हातात हिशोबाची वही असते त्याच्याच हातात हा सिद्धांत असतो.

आणि तुमच्या सोसायटीबद्दलच बोलायचं तर बंधुत्व हे त्यांचं पहिलं उद्दिष्ट ना, वंश, धर्म, जात, लिंग, रंग काही न पाहता? मग अॅनी बेझंट, ज्या १९०७ पासून अध्यक्षा होत्या, त्यांनी १९०९ साली लेख लिहून अस्पृश्यांच्या मुलांना इतर मुलांबरोबर शाळेत बसवायला विरोध केला तो कसा? कारण काय दिलं, तर पिढ्यान्पिढ्यांच्या खाण्यापिण्यामुळे त्यांची शरीरं शुद्ध नाहीत. बाबासाहेबांनी तो उतारा आपल्या पुस्तकात छापलाय, तिथे मी वाचला. बघा, शरीराचे थर, त्यांची शुद्धी, हे सगळं तत्त्वज्ञान शेवटी कुठे येऊन पोहोचलं. शाळेच्या दारात, आमच्या पोरांना अडवायला.

मन्हा बाप म्हने, ज्याना पोटमा भाकर नही त्याले ग्यान नको सांगू.

बोरीकाठ

भाऊ, तुमचं वाचून काल काही लिहिता आलं नाही.

बेझंटबाईंचा तो लेख मला माहीत नव्हता. काल शोधून वाचला. त्याचं समर्थन होऊ शकत नाही आणि मी करणार नाही. त्यांनी बनारसला कॉलेज काढलं, होमरूलसाठी नजरकैद सोसली, १९१७ ला काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या, हे सगळं मी आदराने वाचत होतो आणि तो आदर आता पहिल्यासारखा राहिला नाही. मानववंशांची जी चढती-उतरती मांडणी ब्लाव्हाट्स्कीच्या मोठ्या ग्रंथात आहे तिथेही मी अडखळलो होतो आणि पानं उलटून पुढे गेलो होतो. ते पुढे जाणं हीसुद्धा वकिलीच होती, हे तुमच्यामुळे दिसलं.

एकच गोष्ट सांगायची राहते. त्याच सोसायटीचे ऑल्कॉट, त्यांनी १८९४ साली अड्यारला अस्पृश्यांच्या मुलांसाठी फुकट शाळा काढली. म्हणजे एकाच पुस्तकातून एकाने दार उघडलं आणि एकीने लावलं. सभासद होताना कर्म, पुनर्जन्म, सात तत्त्वं यातलं काही मान्य करावं लागत नाही, बंधुत्व मात्र मान्य करावंच लागतं. मला वाटतं चुकलं ते तिथे, जे आधी असायला हवं होतं त्याच्या डोक्यावर बाकीचं चढून बसलं.

सालदाराचा पोरगा

ऑल्कॉटने शाळा काढली, त्यांना नमस्कार. पण तो माणूस चांगला होता म्हणून काढली, सात तत्त्वांमुळे काढली असं तुम्हाला दाखवता येणार नाही. तेवढं सर बरोबर बोलले.

मुक्ताईची लेक

शहाद्याच्या दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. कर्म हा शब्द मीसुद्धा किती सहज वापरते, परवाच शेजारणीच्या सुनेबद्दल वापरला. तिचा नवरा केळीच्या गाडीवरून पडला आणि मी दारात उभी राहून काय बोलले ते आठवून आता झोप नाही. उद्या सकाळी जाते तिच्याकडे.

पांझराकाठचा मास्तर

धागा वेगळ्याच ठिकाणी आला. माझा आक्षेप कायम आहे, मोजता न येणाऱ्या गोष्टीवर नीती उभी करू नये. पण ताईंचं एक मान्य करतो, नुसतं कळून भागत नाही. वीस वर्षं मुलांना शिकवून हे माहीत असायला हवं होतं.

सालदाराचा पोरगा

बोरीकाठ, एकच विचारतो. मागच्या सालाचे पैसे परत दिले ते ठीक. यंदाचं काय ठरलं?

बोरीकाठ

यंदा आखाजीला साल ठरवतानाच सांगितलं, घरातल्या आजारपणाचे पंधरा दिवस खाड्यात धरणार नाही. काम करताना लागलं-खुपलं तर दवाखाना माझ्याकडे आणि साल पूर्ण.

सालदाराचा पोरगा

तोंडी की कागदावर?

बोरीकाठ

तोंडी.

सालदाराचा पोरगा

कागदावर द्या. दोन प्रती, एक त्याच्या घरी. तुम्ही चांगले आहात, पण वही उद्या तुमच्या पोराच्या हातात जाईल.

बोरीकाठ

रविवारी चोपड्याला जातोय. लिहून देतो.