एमएस्सी प्रकल्प: धातूच्या पृष्ठभागावर भारित अणू बसले की वर्क फंक्शन का बदलतं? सल्ला हवा

ऐरोलीकर_मुलगी:
नमस्कार मंडळी. ठाण्याच्या एका कॉलेजात एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय पक्का झालाय (वर्क फंक्शन म्हणजे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा), पण कॉलेजात अल्ट्राहाय व्हॅक्यूमची, म्हणजे अशा प्रयोगाला लागणाऱ्या अतिशय विरळ निर्वाताची सोय नाही. हाताशी लॅपटॉप आणि चार महिने. कुठला धातू, कुठला अणू घेऊ?

कळवा_नाका:
समजून घ्यायला टंगस्टनवर सीझियम. टंगस्टनचं वर्क फंक्शन साधारण 4.5 इलेक्ट्रॉनव्होल्ट, सीझियमची आयनीभवन ऊर्जा 3.89. त्यामुळे सीझियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन धातूकडे सरकतो आणि पृष्ठभागावर धन आयन उरतो. अशा द्विध्रुवांचा (धन-ऋण भारांच्या जोड्यांचा) थर जमला की इलेक्ट्रॉनला बाहेर पडणं सोपं जातं. टेलर आणि लँगम्युअर यांनी 1933 मध्ये हे बारकाईने मोजलं. आता पुढचं नीट बघ. पहिला थर पुरा भरायच्या आतच वर्क फंक्शन 1.5 ते 1.7 पर्यंत उतरतं आणि मग पुन्हा चढून सीझियमच्या स्वतःच्या 2.1 कडे जातं. अणू दाटीने बसले की शेजारी एकमेकांचे द्विध्रुव दुबळे करतात. अख्खा प्रकल्प या सगळ्यात खालच्या बिंदूवरच कर, ताई.

वाशीच्या_मॅडम:
लॅपटॉपवर टंगस्टनचं गणित जड जाईल. ॲल्युमिनियमवर सोडियम घे, तत्त्व तेच. आधी कागदावर हिशोब कर: दर चौरस नॅनोमीटरला एक अणू, प्रत्येकाचा द्विध्रुव 1 डिबाय (द्विध्रुव मोजायचं एकक), तर विभवात फरक येतो सुमारे 0.38 व्होल्ट. मग क्वांटम एस्प्रेसो हे गणनेचं सॉफ्टवेअर घे, ते फुकट मिळतं. अणू स्लॅबच्या (गणनेत घेतलेल्या धातूच्या पातळ पट्टीच्या) एकाच बाजूला ठेवणार असशील तर द्विध्रुव दुरुस्ती सुरू कर, म्हणजे त्यातल्या टीईफील्ड आणि डिपफील्ड या दोन्ही सेटिंग्ज. माझ्या एका विद्यार्थ्याने ती केली नव्हती. व्हॅक्यूममधली विभवाची रेघ सपाट यायला हवी, त्याची पत्र्याच्या छपरासारखी उतरती आली. वर्क फंक्शन नेमकं कुठून वाचायचं तेच कळेना. दोन आठवडे गेले.

रबाळे_शिफ्ट:
मी खतांच्या कारखान्यात होतो. अमोनियाच्या लोखंडी उत्प्रेरकात पोटॅशियम घालतात, त्यामागे हेच आहे. त्याच्यामुळे नायट्रोजनचा रेणू लोखंडावर सहज तुटतो. गेरहार्ड एर्टल यांनी हे उलगडलं, त्यांना 2007 चं नोबेल मिळालं. प्रस्तावनेत हे जरूर घाल.

ऐरोलीकर_मुलगी:
मॅडम, सोडियमच घेते. तुलनेला क्लोरिन चालेल? तो इलेक्ट्रॉन ओढतो, म्हणजे वर्क फंक्शन वाढायला हवं ना?

वाशीच्या_मॅडम:
बहुतेकदा वाढतं, पण गृहीत धरू नकोस. अणू किती उंचीवर बसतो आणि धातूचे इलेक्ट्रॉन कसे सरकतात, त्यावर चिन्हसुद्धा ठरतं. आधी नुसत्या ॲल्युमिनियमचं काढ. 4.2 च्या आसपास आलं की इथे टाक, मग क्लोरिनचं बघू.