बीडीएलच्या जागी निम्मी मर्यादा भरून सहसंबंध काढायचा?

आकडेमोड
काल इथे एकाने लिहिलं, 'बोअरच्या पाण्यात शिसं बीडीएल आलं तर मर्यादेच्या निम्मी किंमत भरा, एक्सेलमध्ये पीअरसन सहसंबंध काढा, विषय संपला.' बीडीएल म्हणजे 'बिलो डिटेक्शन लिमिट': शिसं असलंच तर यंत्राला दिसणाऱ्या किमान मर्यादेपेक्षा कमी. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं. समजा, वाघोलीच्या खोल बोअरचे नमुने एका लॅबने तपासले, तिची मर्यादा लिटरला ०.००५ मिलिग्रॅम. सिंहगड रस्त्याच्या उथळ विहिरींचे दुसरीने, मर्यादा ०.००१. सगळे बीडीएल. निम्मं भरलंत की खोल बोअरना ०.००२५, उथळ विहिरींना ०.०००५. जितकी खोली तितकं शिसं, असा दणदणीत सहसंबंध हातात! फरक दोन यंत्रांचा, पाण्याबद्दल अवाक्षरही कळलेलं नाही. पर्यावरणाच्या डेटावर काम करणारे संख्याशास्त्रज्ञ डेनिस हेल्सेल यांनी असं निम्मं भरण्याला थेट बनावट डेटा म्हटलंय.
त्याऐवजी केंडॉलचा टाऊ घ्या. हा सहसंबंध जोडीजोडीने फक्त लहान कोण, मोठं कोण एवढंच बघतो. ०.००९ आणि '०.००५ पेक्षा कमी' यांत मोठं कोण ते ठाऊक आहे. ०.००३ आणि '०.००५ पेक्षा कमी' यांत ठाऊक नाही, म्हणून ती जोडी बरोबरीत. पदरचं काही घालावं लागत नाही.

पेठकर
ते मीच लिहिलं होतं. माझ्याकडे लॅब एकच आणि शंभरात आठच बीडीएल. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची, ईपीएची मार्गदर्शिकाही १५ टक्क्यांच्या आत हे चालवून घेते. आणि ७० टक्के बीडीएल असले की तुमचा टाऊ शून्याकडे सरकतो, मग माझे संशोधनाचे गाईड म्हणतात संबंधच नाही. त्यांना तुम्ही समजावणार का?

आकडेमोड
मग 'विषय संपला' न लिहिता '१५ टक्क्यांच्या आत' लिहायचं होतं. ७० टक्के माहितीच नसेल तर टाऊने छाती ठोकून काय सांगावं?

खोडदकर
खगोलात हे जुनंच दुखणं. दुर्बिणीला स्रोत दिसला नाही की फक्त वरची मर्यादा मिळते. इसोबे, फीगलसन, नेल्सन यांनी १९८६ मध्येच अशा डेटासाठी केंडॉलची सुधारित पद्धत मांडली.

धनकवडीची_आई
टाऊ राहू द्या. आमच्या टँकरच्या पाण्याच्या रिपोर्टवर शिशापुढे नुसतं 'बीडीएल', मर्यादा छापलेलीच नाही. पिण्याच्या पाण्यात ०.०१ च्या वर शिसं चालत नाही. यंत्राला ०.०५ च्या खालचं दिसतच नसेल तर? फोन केला तर म्हणे, 'मॅडम, बीडीएल म्हणजे सेफ.' सेक्रेटरींनी तोच कागद लिफ्टजवळ चिकटवला.

कोथरूडकर
उगाच घाबरवू नका लोकांना. आमच्या घरी जन्मभर बोअरचंच पाणी प्यायलो, काही झालं नाही.

धनकवडीची_आई
हे तुमचं मोजमाप? शिशाला ना चव ना वास, आणि ते लहान मुलांच्या मेंदूवर जातं. माझा धाकटा तेच पाणी पितो.

पेठकर
टँकरसाठी वेगळा धागा काढा ना.

लॅबवाला
मर्यादा आमच्या नोंदीत असते. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून छापत नाहीत.

धनकवडीची_आई
पैसे मोजून तपासणी करायची आणि वर अर्धा निकाल मागून घ्यायचा? ही कुठली रीत?

आकडेमोड
वेगळा धागा कशाला, पेठकर? मर्यादाच माहीत नसेल तर ना टाऊ काढता येतो ना तुमचं निम्मं.

पेठकर
बरं, दोन लॅबचा डेटा एकत्र असेल तर निम्मं भरू नये, एवढं मान्य. माझ्या आठ नमुन्यांत भरलेलं निम्मं मात्र तसंच ठेवणार.

धनकवडीची_आई
लॅबवाले, रिपोर्ट खासगी निरोपात पाठवते. मर्यादा कुणाकडे आणि कशी मागायची ते नीट लिहून द्या.