आधी हे विचारा: आणखी काय घेताय?
गरोदरपणात डॉक्टर पर्यायी उपचारांचं नावही ऐकून घेत नाहीत, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. प्रसूतितज्ज्ञांपेक्षा प्रशिक्षित सुईणी याबाबत बऱ्याच मोकळ्या असतात, असं अनेक पाहण्यांत दिसलंय. मळमळीवर आलं किंवा कंबरदुखीवर हलकं मालिश, याला पुष्कळ डॉक्टरांचीही हरकत नसते. धास्ती असते ती पोटात घ्यायच्या औषधांची, आणि ती रास्तच आहे. ज्येष्ठमध अति झालं तर रक्तदाब वाढतो. कळा याव्यात म्हणून घेतलेल्या एरंडेलाने जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी होतं.

मला खरी काळजी वाटते ती लपवाछपवीची. ओरडा बसेल म्हणून बाई काढ्याबद्दल सांगतच नाही, मग वाढलेल्या रक्तदाबाचं कारण डॉक्टरांना कळणार कसं? म्हणून डॉक्टरांनी प्रत्येक तपासणीत, न रागावता, ‘आणखी काय घेताय?’ हे विचारलंच पाहिजे.