सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांची खासगी पॉलिसी बंद करावी का?

पाणंद

गेल्या आठवड्यात आईबाबांच्या आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाचा मेसेज आला. बाबा ७४ वर्षांचे, आई ७१ची. दोघांचा मिळून हप्ता ८२ हजार रुपये. चार वर्षांपूर्वी हाच आकडा ४५ हजारांच्या आत होता. मधल्या काळात दावा एकदाच केला, आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचा, आणि त्यातही खोलीभाड्याच्या मर्यादेवर बोट ठेवून बरीच रक्कम कापली गेली.

दिवाळीत दोघांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. तेव्हापासून माझं मत पक्कं होत चाललंय की सत्तरीनंतर खासगी पॉलिसी सोडून द्यावी आणि हप्त्याचे पैसे औषधपाण्यासाठी वेगळ्या खात्यात ठेवावेत. विरोधी मतं ऐकायची आहेत, म्हणून इथे मांडतोय.

ज्यांच्या घरात हा विषय अजून निघाला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली ती गरीब कुटुंबांसाठी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ती ७० वर्षं पूर्ण केलेल्या सगळ्यांना खुली झाली, त्यांना मिळतं तेच हे वय वंदना कार्ड. उत्पन्नाची अट नाही, हप्ता नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, तेही रुग्णालयात दाखल होऊन घ्यायचे. मधुमेह असो, आधी बायपास झालेली असो, पहिल्या दिवसापासून सगळं धरलं जातं. घर आधीपासून योजनेत असेल तर सत्तरीपुढच्यांना आणखी ५ लाखांचं कवच मिळतं आणि ते घरातल्या धाकट्यांशी वाटून घ्यावं लागत नाही. नवराबायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर मात्र ५ लाख दोघांत मिळून.

बाबांनी चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. आयुष्यात पहिल्यांदा सरकारकडून त्यांच्या नावाचं काही आलं, तर ते वापरायला संकोच का करायचा?

कडुनिंब

कार्डाबद्दल दुमत नाही. पॉलिसी बंद करायला मात्र माझा ठाम विरोध.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी बंद केलेली पॉलिसी पुन्हा मिळणं फार कठीण असतं. एप्रिल २०२४ पासून विमा घेण्यासाठी वयाची कमाल अट राहिली नाही हे खरं, पण आजारांचा इतिहास बघून कंपनी नकार देऊ शकते. दिलीच तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा थांबा असतो, तोवर त्यांचा दावा मिळत नाही. इतकी वर्षं हप्ते भरून तुमच्या वडिलांनी तो थांबा पार केलाय, ती त्यांची कमाई आहे. ती एका मेसेजवर वैतागून घालवू नका.

दुसरं माझ्या घरातलं. सासऱ्यांना रात्री दीड वाजता अर्धांगाचा झटका आला. वय ७२, कार्ड खिशात. सर्वांत जवळचं रुग्णालय योजनेत नव्हतं. ज्या दुसऱ्या ठिकाणी नेलं ते यादीत होतं, तिथे योजनेची खाट शिल्लक नसल्याचं सांगितलं. आम्ही शेवटी पहिल्याच ठिकाणी परत आलो आणि खासगी पॉलिसीवर दाखल केलं. योजनेबाहेरच्या रुग्णालयाचं बिल नंतर सादर करून पैसे मागता येत नाहीत, ही गोष्ट तोवर आम्हाला माहीतच नव्हती. त्या रात्री पॉलिसी नसती तर काय केलं असतं, याचा विचार अजूनही येतो.

पाणंद

कडुनिंब, तुमचा अनुभव वाचून गप्प झालो. सासरे आता बरे असावेत.

तरी हप्त्याचा प्रश्न उरतोच. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने ज्येष्ठांचा हप्ता परवानगीशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही असं सांगितलं. पण दर वर्षी तेवढा वाढला तरी पाच वर्षांत ८२ हजारांचे १ लाख ३२ हजार होतात. २०२५ च्या सप्टेंबरात वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, तो दिलासा वाढ एक-दोन वर्षांत गिळून टाकेल. माझ्या पगारातून हे किती वर्षं भरणार?

खडकाळ रान

तुमचं दोघांचं वाचलं. आमच्या गावात हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण खासगी पॉलिसी कुणाकडेच नाही. आमच्यासाठी कार्ड हाच एकमेव विमा आहे आणि खरी अडचण ते हातात पडण्याची आहे.

माझी चुलती ७६ वर्षांची. आधारवर वय लागलंय ६६. त्या वेळी नोंद करणाऱ्याने अंदाजाने विचारलं, तिने अंदाजाने सांगितलं. योजना आधारवरचं वय मानते, म्हणून ती अजून चार वर्षं बाहेर. जन्माचा दाखला नाही, शाळेत कधी गेली नाही. अशा म्हाताऱ्या एकट्या आमच्या वाडीत पाच-सहा तरी असतील. शिवाय आयुष्यभर माती, शेण, विळा हातात असल्यामुळे बोटांचे ठसे उमटत नाहीत, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुंबईतल्या मुलाचा, जो कामावर असताना ओटीपी सांगायला फोन उचलत नाही.

सहा कोटी ज्येष्ठांना लाभ, असं जाहीर होतं तेव्हा आनंद वाटतो. पण ज्यांना सर्वांत जास्त गरज तेच दारात अडकतात. यावर कुणी का बोलत नाही?

जुनी सिस्टर

तीस वर्षं वॉर्डात काढली, शेवटची काही वर्षं योजनेच्या टेबलाशेजारीच बसायची माझी जागा होती. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

खडकाळ रान, ठसे उमटत नसतील तर चेहरा दाखवून ओळख पटवण्याची सोय आयुष्मान ॲपमध्ये आहे. डोळ्यांच्या बुबुळावरूनही होतं. सेवा केंद्रातला मुलगा ठश्यावर अडून बसला तर त्याला चेहऱ्याचा पर्याय उघडायला सांगा. चुलतीच्या वयाचं काम मात्र आधार केंद्रातच करावं लागेल, आणि जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून कागद नीट जमवूनच जा. तोपर्यंत त्यांना उघड्यावर समजू नका. आपल्या राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी पिवळं आणि केशरी रेशनकार्ड लागायचं, जुलै २०२३ च्या निर्णयाने ती सगळ्यांसाठी झाली आणि रक्कम दीड लाखावरून ५ लाखांवर गेली. वयाची अट नाही. रेशनकार्डावर नाव आहे का तेवढं आज बघा.

आता कडुनिंब यांच्या रात्रीबद्दल. यादीत रुग्णालयाचं नाव असणं पुरेसं नसतं, हे लोकांना कुणी सांगत नाही. रुग्णालय ठरावीक विभागांसाठीच जोडलेलं असतं. एखादं फक्त डायलिसिससाठी, एखादं फक्त डोळ्यांसाठी. तुम्ही हृदयाचा रुग्ण घेऊन गेलात तर ते योजनेत असूनही तुमच्या कामाचं नाही. म्हणून कार्ड काढलं त्याच आठवड्यात घरापासूनची दोन-तीन रुग्णालयं शोधा आणि हृदय, मेंदू, हाडं यांपैकी काय काय तिथे योजनेत होतं ते आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या योजनेच्या मदतनीसाला, प्रत्यक्ष विचारून कागदावर लिहून फ्रिजवर लावा. १४५५५ या हेल्पलाइनवरही माहिती मिळते. रुग्णाला जनरल वॉर्ड मिळतो, स्वतंत्र खोली नाही. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी गेल्यानंतरचे १५ दिवस यांतल्या तपासण्या-औषधं पॅकेजमध्ये, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या एकत्र रकमेत, धरलेली असतात. तरीही कुणी वरचे पैसे मागितले तर देऊ नका, तक्रार करा. मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हातारी माणसं घाबरून पाटल्या मोडतात.

कडुनिंब

सिस्टर, फ्रिजवरच्या कागदाची गोष्ट पटली. तरी माझा मुद्दा तिथेच आहे. पॅकेजचे दर कमी आणि पैसे उशिरा, असं रुग्णालयं म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणात खासगी रुग्णालयांनी थकबाकीवरून या योजनेखालचे उपचार थांबवण्याचं जाहीर केलं होतं. उद्या आपल्याकडे तसं झालं तर फ्रिजवरचा कागद काय करणार? ज्याला परवडतं त्याने दुसरा आधार सोडू नये.

हिशेबनीस

एक विषयांतर, पण महत्त्वाचं. ज्यांना केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस आहे त्यांना ती आणि वय वंदना दोन्ही मिळत नाहीत, एक निवडावी लागते. तिथे बाह्यरुग्ण तपासण्या आणि रोजची औषधं मिळतात, वय वंदनामध्ये नाहीत. शेजारी काढतोय म्हणून नोंदणी करताना पर्याय निवडून मोकळं होऊ नका. खासगी पॉलिसी किंवा ईएसआयसी (कामगार विमा) असलेल्यांना ही निवड करावी लागत नाही, दोन्ही ठेवता येतात.

पाणंद

काल बाबांना घेऊन बसलो आणि सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ते म्हणाले, रात्री दीड वाजता तू एकटाच असशील, तेव्हा तुला जे सोपं जाईल ते ठेव.

पॉलिसी बंद करत नाही. विमा रक्कम १० लाखांवरून ५ लाखांवर आणून नूतनीकरण करतोय, हप्ता बऱ्यापैकी खाली येतोय. जुन्या आजारांचं कवच आणि पार केलेला थांबा दोन्ही शाबूत राहतात. ठरलेली ऑपरेशनं, म्हणजे आईचा गुडघा वगैरे, वय वंदनावर करायची. अचानक काही झालं तर जे दार उघडं मिळेल ते.

पण कडुनिंब, एका बाबतीत माझं मत बदललेलं नाही. परवडणाऱ्यांनी योजनेबाहेर राहायचं आणि ती गरिबांची म्हणून सोडून द्यायची, तर तिथल्या खाटा कधीच वाढणार नाहीत. गुडघ्यासाठी मी योजनेच्याच रांगेत उभा राहणार आहे.

कडुनिंब

उभे राहा. रांगेत काय अनुभव आला तो इथे लिहा, चांगला असो वा वाईट. माझ्या आईचाही गुडघा आहे.

खडकाळ रान

सिस्टर, रेशनकार्डावर चुलतीचं नाव आहे. केशरी आहे. उद्या तालुक्याला जातोय, आधार केंद्रात कोणते कागद चालतात ते विचारून येतो.