हात आखडता घेतला तेव्हा काय ठरवलंत? अनुभव सांगा

नोकरी शाबूत असते, पगार वेळेवर येत असतो, तरी मोठी खरेदी पुढे ढकलावीशी वाटते. जॉर्ज कटोना या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की खर्चाची ऐपत वेगळी आणि खर्च करण्याची इच्छा वेगळी. त्याच्याच पुढाकाराने १९४६ मध्ये मिशिगन विद्यापीठाचं ग्राहकांच्या मनःस्थितीचं सर्वेक्षण सुरू झालं. त्यातले प्रश्न अगदी घरगुती आहेत: वर्षभरापूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का, पुढच्या वर्षी कसं असेल, घरात मोठी वस्तू घ्यायला हे दिवस चांगले आहेत का. जून २०२२ मध्ये या उत्तरांवरून काढला जाणारा निर्देशांक ५० पर्यंत घसरला, तोवरची सगळ्यात खालची पातळी. अमेरिकेत तेव्हा बेरोजगारी ४ टक्क्यांच्या आत होती, पण महागाई ९ टक्क्यांवर गेली होती. हाताला काम होतं, उद्याचा भरवसा नव्हता.

मला त्या आकड्यामागची घरं ऐकायची आहेत. काय लांबणीवर टाकलंत, कशाला मुळीच धक्का लावला नाहीत, घरात हा विषय काढलात कसा? गुंतवणुकीचे सल्ले नकोत, घडलेलं लिहा.

गृहकर्ज फेडणारी

व्याजदर वाढल्याच्या बातम्या येत होत्या आणि आमचा हप्ता मात्र तेवढाच. मला ते खटकलं, म्हणून कर्जाचा उतारा मागवला. हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवलेली होती. तरत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या व्याजदराचं कर्ज असलेल्या प्रत्येकाने हे गणित मांडून बघावं: ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाचा दर सुरुवातीलाच ९ टक्के झाला आणि हप्ता बदलला नाही, तर ते फिटायला सुमारे ३८ वर्षं लागतात. हप्त्याचा जवळजवळ सगळा पैसा व्याजातच जिरतो, मुद्दल जागचं हलत नाही.

मी म्हटलं, हप्ता वाढवून घेऊ. नवरा म्हणाला, नोकऱ्यांचं काही खरं नाही, पैसा हातात राहू दे. मुद्दलात भरलेली रक्कम अडीनडीला परत मागता येत नाही. त्याचं म्हणणं मला पटलं, पण मुदत लांबत राहणंही सोसणारं नव्हतं. शेवटी हप्ता थोडा वाढवला. एकरकमी भरणा मात्र काही महिन्यांचा घरखर्च बाजूला पडल्यावरच करायचा, असं ठरलं. त्यानंतर मला नीट झोप लागायला लागली.

भाषांतराची कामं घेणारी

माझ्याकडे पैसे कधी तिघांचे एकदम येतात, कधी महिना कोरडा जातो. सरासरी उत्पन्न कागदावर छान दिसतं, पण घरमालकाला भाडं दर महिन्याला लागतं. म्हणून मागच्या वर्षातला सगळ्यात मंद महिना धरला आणि तेवढाच पगार स्वतःला देते. कराची रक्कम आधी काढून ठेवते, वरचं सगळं दुसऱ्या खात्यात. चांगला महिना आला तरी पगार वाढवत नाही.

घरगुती यंत्रांचा विक्रेता

लोकांचा धीर कधी सुटतो ते मला बातम्यांच्या आधी कळतं. नव्या यंत्राची चौकशी थांबते आणि जुनं घेऊन माणूस येतो: "अजून वर्षभर ओढता येईल का बघा." दुरुस्तीचं काम वाढतं, पण विक्रीतली तूट त्यातून भरून निघत नाही. मग मी दुकानाचं रंगकाम पुढे ढकलतो आणि रंगाऱ्याचं काम जातं. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये हेच मांडलं होतं: एका घराने बचत केली तर ते शहाणपणाचं, सगळ्यांनी एकदम केली तर सगळ्यांचंच उत्पन्न घटतं. मी यात गिऱ्हाईकाला दोष देणार नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण दुकानातल्या मदतनीसाला काढायचं नाही, हे मी पक्कं केलं. त्याचं घर त्या पगारावर उभं आहे. माझा नफा कमी झाला तरी चालेल.

दोन पगारांत न भागणारी

कात्री लावायला आधी कापड असावं लागतं. भाडं, प्रवास, औषधं आणि मुलीची फी गेली की आमच्याकडे काही उरतच नाही. "अनावश्यक खर्च टाळा" हे ऐकलं की मला संताप येतो. आमच्या हातात एकच गोष्ट होती, क्रेडिट कार्डाची थकबाकी आधी संपवणं. महिना ३ टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांहून जास्त. नुसती किमान रक्कम भरत राहिलं तर ते देणं वर्षानुवर्षं डोक्यावर राहतं. नवऱ्याने जादा पाळ्या करून ते फेडलं. त्यात त्याची तब्येत खालावली, हेही इथे लिहिलं गेलं पाहिजे.

निवृत्त शिक्षक

माझं निवृत्तिवेतन महागाईबरोबर वाढत नाही. महागाई ६ टक्क्यांवर टिकली तर १२ वर्षांत सगळं दुप्पट महाग होतं. म्हणून ठेवी वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवल्या आहेत, दरवर्षी एक तरी मोकळी होते. औषधोपचाराच्या पैशाला हात लावत नाही.

नोकरी गेलेला बाप

मुलांना सांगायचं की नाही, यावर आमच्या घरात वाद झाला. बायको म्हणाली, घरात काहीतरी बिनसलंय हे मुलांना कळतंच. कारण कळलं नाही तर ती स्वतःलाच दोष देतात. मग सगळं सांगितलं. किती महिने पुरेल, काय चालू राहील, काय थांबेल. धाकटीने विचारलं, चित्रकलेचा वर्ग बंद होणार का? तो बंद करायचा नाही हे आम्ही आधीच ठरवलं होतं. थोरल्याने काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो सहलीतून स्वतःचं नाव काढून आला. मी शाळेत जाऊन ते पुन्हा घालायला लावलं.

आता नोकरी लागली आहे, पगार आधीपेक्षा कमी. बिलं वेळेवर भरतो, थोडं शिल्लकही पडतं. तरी गाडी बदलायचा विषय निघाला की आम्ही दोघंही लगेच नाही म्हणतो, हिशेब न करताच. ज्यांची नोकरी जाऊन पुन्हा लागली, त्यांना हा धीर परत यायला किती काळ लागला? कुणी लिहील का?